प्लायवूडच्या पलीकडची मंडळी

वसंतकाकांनी प्याला उचलला, उजवीकडे धरला आणि मोठ्यानं म्हणाले, “कुसुमबाई, घ्या.”

कुसुमबाई दिवाळीतच मुलीकडे इंदूरला राहायला गेल्या होत्या. काका रीतसर थोडं थांबले. मग प्याला डावीकडे धरला. “भाईदास, घे.” भाईदास तर कबरस्तानात होता.

चर्चच्या या मंडळीची रीतच तशी होती. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेतल्या द्राक्षरसाचा, प्याला कुणी आपल्या हातानं उचलून प्यायचा नाही. शेजाऱ्यानं नाव घेऊन हातात द्यायचा. काकांच्या शेजारी कुणीच नव्हतं. त्यामुळे ते सगळ्यांना द्यायचे आणि त्यांना कुणी द्यायचं नाही. शेवटी द्राक्षाचा रस दाराबाहेरच्या क्रोटनच्या कुंडीत जायचा. क्रोटन मात्र जोरात होतं.

नेपानगरजवळच्या लालबागच्या या हॉलचे कोरोनानंतर दोन भाग झाले होते. सगळ्यांनी एका प्याल्यातून प्यायचं की ज्यानं त्यानं आपापल्या छोट्या कपातून, यावर भांडण लागलं. “एक प्याला म्हणजे एक मंडळी!” असं काका इतक्या जोरात ओरडले की मंडळीच्या दोन झाल्या. पंचांनी काकांना आणि त्यांच्या माणसांना वेगळं बसायला सांगितलं आणि मधोमध प्लायवूड ठोकून घेतलं. पलीकडे छोटे कपवाले, त्यांचे पुढारी नंदकुमार. नंदकुमार आणि काका नेपानगरला एका बाकावर बसून शिकलेले. आता बाजारात समोरासमोर आले की दोघंही खाली मान घालून गवार निवडायला लागायचे. दोघांनाही गवार आवडत नव्हती.

हळूहळू काकांच्या बाजूची माणसं गेली. कुणी वारलं, कुणी पोराकडे गेलं, कुणाचे गुडघे गेले. कुसुमबाई गेल्या तेव्हा काका एकटे उरले. मग पाळक तेच, पंच तेच, लोक तेच. पंचांच्या निवडणुकीला ते एकटेच उभे राहिले, तरी मतदानात तटस्थ राहिले. स्वतःला मत देणं त्यांना बरं दिसेना.

पलीकडे मात्र गर्दी. दर रविवारी बायकांचे आवाज, पुरुषांचे आवाज, वर ढोलक. काका इकडे एकट्यानं प्रार्थना सुरू करायचे आणि तिकडून गाण्याची लाट यायची. ते प्लायवूडवर थाप मारायचे. “आवाज कमी करा!”

“तुम्ही वाढवा!” पलीकडून नंदकुमार ओरडायचे.

आजही तेच झालं. थाप मारायला काकांनी हात उचलला आणि लाइट गेली.

डोक्यावरचा पंखा थांबत गेला. पलीकडची मंडळी मात्र एकदम थांबली. शब्दाच्या मधोमध. बायका, पुरुष आणि ढोलकसुद्धा.

काका कान लावून उभे राहिले. पलीकडून एक खोकला आला. एकच.

“नंद्या,” काका म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी हे नाव घेतलं होतं. “बाकीचे कुठंयत रे?”

मग आवाज आला, “येतील.”

“कधी?”

“लाइट आली की.”

काका बाहेर पडले, वळसा घालून मागच्या गल्लीत गेले आणि दुसऱ्या दारानं आत शिरले. रांगेनं खुर्च्या मांडल्या होत्या. सगळ्या रिकाम्या. पुढे एक अँप्लिफायर, त्याला पेन ड्राइव्ह. टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये छोटे कप, सगळे काठोकाठ भरलेले. बाजूला नंदकुमार, इस्त्रीचा शर्ट घालून.

“काउन रे हे?” काकांनी अँप्लिफायरकडे बोट केलं.

“तुझ्यामुळं. तुझ्याकडे एवढे लोक. दर वेळी नावं ऐकू येतात, कुसुमबाई, भाईदास... मला वाटलं, आपलं हसं नको.”

“भाईदास तर वारला.”

“हो ना. मी म्हटलं, यांच्याकडे कायबी होऊ शकते.”

काका खुर्चीवर बसले. “नावंच आहेत रे माझ्याकडं. आणि हे कप कशाला सगळे भरतोस?”

“कमी भरले तर कळेल ना.”

“कुणाला?”

नंदकुमारांनी विचार केला. “तसं मलाच.”

“पितोस तरी का?”

“देतं कोण?”

दोघंही ट्रेकडे पाहत राहिले. मग नंदकुमारांनी त्यातला एक कप उचलला. औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढा. “वसंता, घे.”

काकांनी घेतला आणि प्यायले. घोटभरही नव्हता. त्यांनी ट्रेमधला दुसरा उचलायला हात पुढे केला, तर नंदकुमार म्हणाले, “दुसरा कशाला? तोच भर.”

काकांनी दुसऱ्यातला रस ओतून तोच भरला. “नंद्या, घे.”

नंदकुमार रिकामा कप हातात धरून बसले होते, तेवढ्यात लाइट आली. अँप्लिफायर खरखरला आणि मंडळी पहिल्या कडव्यापासून गाऊ लागली. काकांना त्यात कुसुमबाई ऐकू आल्या. भाईदासचं ढोलक ऐकू आलं. रेकॉर्डिंग भांडणाच्या आधीच्या कुठल्यातरी नाताळचं होतं. आणि सगळ्यांच्या मागून, अर्ध्या मात्रेनं उशिरा, कुणीतरी गळा फाडून ओरडत होतं.

“हा कोण रे बेसुरा?”

“तू.”

काकांनी कान अँप्लिफायरजवळ नेला.

“रेकॉर्डिंगवाला पोरगा म्हणे, अंकल, ये एक आवाज निकाल दूँ क्या, गाना एकदम साफ हो जाएगा,” नंदकुमार म्हणाले. “मी म्हटलं, नको बेटा. एकदा काढून पाहिलाय.”