लालबंदी

"लाल रंग हा मानवी संस्कृतीवरचा डाग आहे!" असं जाहीर करत रंगारी खुर्चीतून ताडकन उठला, आणि हेडफोनची वायर आखूड असल्यामुळे तसाच खाली बसला.

तपासनीस बाई त्याच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या त्याच्या टेबलाकडे बघत होत्या. तिथे तीन कप होते. तिन्हींत तळाशी चहा उरलेला, आणि एकावर पांढरी बुरशी धरलेली. ज्या माणसाला लाल रंगाची किळस येते त्याला या कपाची येत नाही, हे बाईंना काही केल्या पचत नव्हतं.

रंगारी हे त्याचं नाव नव्हे. तो प्रोग्रॅमर होता. टर्मिनल नावाच्या काळ्या पडद्यावर त्याचं काम चाले. तिथे चित्रं नसतात, बटणं नसतात, नुसती अक्षरं. पण कोणत्या अक्षराला कोणता रंग द्यायचा, हे ज्याचं त्याला ठरवता येतं. रंगाऱ्याने ते ठरवायला महिना घेतला. आकडे हिरवे केले. त्याच्या मते कोवळ्या पानासारखे, बाईंच्या मते जुन्या सर्दीसारखे. नावं जांभळी केली. त्यांना कशाची उपमा द्यायची, हे बाईंनी जेवणाच्या सुट्टीत सांगायचं टाळलं.

साहेबांना मात्र रंगांची ही थीम इतकी आवडली, की त्यांनी ती सगळ्या ऑफिसला वाटली. त्यानंतर तीन आठवडे कोणाच्या पडद्यावर चूक दाखवणारा एकही इशारा आला नाही. साहेबांनी हे मोठ्या अभिमानाने गिऱ्हाइकाला कळवलं. गिऱ्हाईक म्हणजे एक हॉस्पिटल. प्रोग्रॅम तिथल्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी होता: कोणत्या मुलाला कोणतं औषध किती द्यायचं, ते सांगणारा. तो आज पाच वाजता थीमसकट रवाना व्हायचा होता. त्यावर बाईंची सही लागत होती.

बाईंनी ती थीम घेतली नव्हती. त्यांच्या जुन्या पडद्यावर सकाळपासून लाल ओळींची रांग लागली होती.

"तुमच्याच मशीनवर कसे येतात हो इशारे?" साहेबांनी दुपारी विचारलं होतं. "बाकी दहा जणांकडे सगळं स्वच्छ आहे. म्हणजे मशीन तरी बिघडलंय, नाहीतर..." पुढचं वाक्य त्यांनी सभ्यपणे गिळलं होतं.

म्हणून चार वाजता बाई सहीचा कागद घेऊन रंगाऱ्याच्या टेबलाशी उभ्या होत्या.

"भाषण पुरे. तुझ्याकडे चालवून दाखव."

रंगाऱ्याने बोटं मोडली आणि कळ दाबली. हिरव्या-जांभळ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या.

"बघा ताई. लोणी!"

ओळींच्या मधोमध चार बोटं जागा मोकळी होती. काळीकुट्ट.

"ही जागा कसली?"

"श्वास, ताई. डिझाइनला श्वास घ्यायला जागा लागते. पूर्वी इथे तो भडक लाल यायचा. शिसारी यायची नुसती."

"मग त्या लालचं काय केलंस?"

"काळा केला."

"आणि मागचा पडदा?"

"तोही काळाच. शोभतो की नाही?"

बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि रुमालातच त्याचा माऊस धरला. तो चिकट होता. कशाने, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. ओळी निवडताना फिरवतात तसा त्यांनी माऊस त्या मोकळ्या जागेवरून वरून खाली फिरवला. मागे निळा पट्टा पसरत गेला, आणि निळ्यावर काळी अक्षरं उघडी पडली.

'वजनाची नोंद नाही. मोठ्या माणसाचा डोस धरला आहे.'

खाली पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा तेच.

"शी!" रंगारी ओरडला.

बाईंना जरा बरं वाटलं. पोरात थोडी लाज शिल्लक होती तर.

"हा निळा कुठून आला?" रंगारी म्हणाला. "हा मी निवडलेला नाही हं, ताई!"

बाईंनी तिथूनच साहेबांना हाक मारली.

साहेब आले. त्यांनी ओळी एकदा वाचल्या, चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. त्यांचा चेहरा पडला.

"हे कधीपासून?"

"थीम वाटल्यापासून, सर. दहाही जणांकडे," बाई म्हणाल्या. "इशारे यायचे थांबले नव्हते. दिसायचे थांबले होते. मी सही करणार नाही."

साहेब मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी बाईंकडे पाहून चक्क हात जोडले.

"मॅडम, तुम्ही आज आमचे डोळे उघडलेत," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. "तुम्ही नसतात, तर उद्या हे हॉस्पिटलात कोणाच्या तरी लक्षात आलं असतं."

एवढं बोलून ते रंगाऱ्याकडे वळले आणि त्याच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

"पाचच्या आत तेवढा निळाही काळा करून दे ना, बाळा."