नागेशची शेवटची चढाई

हुबळीचं 'मैदान' हे खेळाचं रेडिओ केंद्र बंद व्हायच्या दिवशी अळणावरजवळच्या खेड्यातून मथुराक्का आल्या. आपल्या मुलाच्या, नागेशच्या शेवटच्या कबड्डी सामन्याची कॉमेंट्री त्यांना ऐकायची होती.

"अक्का, इथं सगळं थेट जायचं. जपून काहीच ठेवलेलं नाही," हेरेकर म्हणाले. उभी हयात त्यांनी इथूनच सामने सांगितले होते. हा सामना काही त्यांना आठवत नव्हता. पण बाईंचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना. "बसा, मीच पुन्हा सांगतो," म्हणत ते बंद माइकसमोर बसले.

आवाज पूर्वीसारखाच लागला. शेवटची चढाई, नागेशला तिघांनी धरलंय, तरी त्याचा हात मधल्या रेषेला टेकलाय! "जिंकला! नागेशनं सामना जिंकला!" हेरेकरांचेच डोळे भरून आले.

"नाही अण्णा, हरला होता तो," मथुराक्का हळूच म्हणाल्या. "तुम्ही रेडिओवर म्हणालात म्हणे, या पोरानं गावाची अब्रू घालवली. गाव त्याला उठता बसता तेच ऐकवायचं. तळ्यात जीव देईपर्यंत तो मला सांगत होता, 'आई, हेरेकरअण्णा असं बोलणारच नाहीत.' बोलला होता का हो तुम्ही?"

 

खेळाच्या भरात आपण कुणाकुणाला काय बोललो, हे हेरेकरांनी कधी लक्षातच ठेवलं नव्हतं.