शेतातली फाटकं

रविवारी दुपारी आखातात, अल बर्शातल्या फ्लॅटमध्ये बसून रणजित व्हिडिओ कॉलवर लेकीबरोबर डॉर्सेटमधली खेडी बघत होता. शिकायला इंग्लंडला गेलेली पर्णिका आज एकटीच शेतांमधून या गावाहून त्या गावाला पायी निघाली होती. मेंढ्या बाहेर पडू नयेत म्हणून वाटेतलं प्रत्येक फाटक ती आठवणीने लावून घेत होती.

तिने कडी लावली की खट् असा आवाज यायचा. ती थोडी पुढे गेली की मागून पुन्हा खट्.

"पर्णू, मागून कोणी येतंय का गं?"

"नो पप्पा, देअर्स नोबडी." तिने फोन मागे फिरवला. शेत रिकामं होतं आणि फाटक लागलेलं होतं.

पुढच्या फाटकाला दुसरा आवाज लवकर आला. त्याच्या पुढच्याला तर लगेच, तिच्या पाठीशीच.

"बाळा, जरा झपझप चाल."

"ऑलमोस्ट देअर, पप्पा. लास्ट गेट." तिने फोन समोर धरला.

फाटक हळूहळू उघडलं आणि कोणीतरी धरून ठेवावं तसं उघडंच राहिलं. तिथे चिटपाखरूही नव्हतं.

"थँक यू सो मच," पर्णिकाचा हसरा आवाज आला.

ती रणजितशी बोलत नव्हती.