बैलांची सुट्टी

"या एका दिव्यात मेलं काही दिसत नाही," रिव्काआजी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

प्रमोदिनीने उठून दुसरा दिवा लावला. शनिवारी आजी बटणाला हात लावत नाहीत आणि कुणाला 'लाव' असंही सांगत नाहीत. यहुदी धर्मात त्या दिवशी काम सांगायलाही बंदी. नुसतं सुचवायचं. आधीच्या तीन मदतनीस या कोड्यांना कंटाळून पळाल्या. फ्रेंच येत नाही म्हणून मॉन्ट्रियलमध्ये ही नोकरी धरलेली प्रमोदिनी मात्र टिकली. नागपुरात चौदा वर्षं सासूच्या हाताखाली काढलेली बाई ती! 'लेकी बोले सुने लागे' यात तिची पीएचडी झाली होती.

आज मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तीन वाजता गुंजनची हॉकीची फायनल होती. नऊ वर्षांची पोर, गोलकीपर. "इट्स ओके, मम्मा," म्हणाली खरी, पण मान वर केली नव्हती. रजा मागावी तर पीआरची, म्हणजे कॅनडात कायमचं राहायच्या परवान्याची, फाइल याच नोकरीवर अडकलेली.

"आज कुणीतरी गारठून मरणार," आजी म्हणाल्या. प्रमोदिनीने हीटिंग वाढवलं आणि ती भांडी घासायला लागली.

आजी रंगात आल्या. "शनिवार म्हणजे कदोश! पवित्र. बाकीच्या दिवसांतून वेगळा काढून ठेवलेला. मुलाने काम करायचं नाही, मुलीने नाही, नोकराचाकरांनीही नाही. बैलांनासुद्धा सुट्टी!"

"बैलांनासुद्धा?" प्रमोदिनीला राहवलं नाही. "मग आजी, मी कोण?"

ती बोलून गेली. गेली नोकरी, गेला पीआर. जळली मेली ही जीभ!

आजींनी काठी आपटली.

"घरी जा."

"चुकलं माझं, आजी. परत नाही बोलणार."

"पोरीची मॅच आहे ना? मी बहिरी नाही, फोनवरचं सगळं ऐकलंय. तासाभरात मुलगा सिनेगॉगमधून येतोय, तोवर मी काही मरत नाही. पळ! आणि उद्या वेळेवर ये."

प्रमोदिनीचे डोळे भरून आले. तरी तिने विचारलंच, "पण आजी, शनिवारी हुकूम सोडलेला चालतो तुम्हाला?"

"बंदी काम सांगायला आहे, वेडे," आजी म्हणाल्या. "सुट्टी सांगायला नाही."