शंभूचे हातमोजे

नॉर्वेला टूरनं जायचं की आपलं आपण, यावरून विश्रामबागच्या फ्लॅटात आम्हा नवराबायकोचं महिनाभर वाजत होतं. पैसे मोजून थंडी विकत घ्यायला निघालो होतो, दुसरं काय!

आटपाडीला गेल्यावर आईला हातमोज्यांची किंमत सांगितली, तर ती उखडलीच. "एवडं पैसं कशाला गं जाळतीस? मी इणल्यालं हायत की. शंभू दर फोनला म्हनायचा, आये, तुज्या मोज्यांमुळं थंडी कळतच न्हाई."

शंभू माझा धाकटा भाऊ, बर्फातल्या चौकीवरच गेला. त्याच्यामागं फौजेतून आलेली ट्रंक आईनं सहा वर्षांत पहिल्यांदा उघडली.



जोडी फुटू नये म्हणून पाठवताना तिनंच आतल्या दोन्ही मोज्यांना मिळून मारलेला टाका अजून तसाच होता.