कढीपुरता आवाज

रुपेशने स्टील गिटारसाठी नागपूरहून नवं पेडल आणलं. त्यात वेगवेगळ्या अँप्लिफायरचे आवाज होते. पण एक कुजबुजायचा, तर पायाने बटण दाबून पुढचा लावला की तो खेकसायचा. तेवढ्यात आर्वीच्या एका लग्नाची सुपारी आली. मुलीच्या बापाची अट एकच, "पंगतीत गिटार वाजू द्या, पण कोणी कढी मागितली तं वाढप्याले ऐकू गेलं पाहिजे."

रुपेशने आपल्या सासूबाईंना, म्हणजे धुरपताबाईंना, अंगणाच्या टोकाला पाटावर बसवलं. तो एकेक आवाज कमी-जास्त करत वाजवायचा, त्या "कढी आणा" म्हणायच्या. गिटार चालू असताना त्यांची हाक स्पष्ट आली, की गिटारचा तो आवाज तिथेच पक्का करायचा. संध्याकाळपर्यंत सगळे आवाज एका पातळीत आले.

"आता बिनघोर वाजवा, जावईबापू," धुरपताबाई म्हणाल्या. लग्नालाही त्या सोबत गेल्या.

पंगत बसली. रुपेश आवाजामागून आवाज बदलत होता आणि एकही वर-खाली होत नव्हता. स्वतःवर खूश होऊन त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा मुलीचा बाप समोर उभा होता आणि त्याचे नुसते ओठ हलत होते. रुपेशने वाजवता वाजवताच कान पुढे केला.

"लोक कढीसाठी बोंबलून राह्यले, वाढप्याले काहीच ऐकू नाई येत," बाप त्याच्या कानात ओरडला. "कोणाच्या हाकेवर लावला हा आवाज?"

रुपेश काही बोलणार, तोच मांडवाच्या पार टोकाहून, गिटारीच्याही वरून, धुरपताबाईंचा आवाज स्पष्ट आला, "सारे काऊन आरडून राह्यले? मी तं हळूच मागितली, तरी लगेच आली."