दम मोजणारं यंत्र

प्लास्टरमधला पाय उशीवर टेकवून रेणुका माळवदे खाटेवर धुमसत होती. उन्हाळ्यापर्यंत ती देशातली सगळ्यात वेगवान सायकलपटू होती. मग क्रीडा मंडळाच्या नव्या यंत्राने तिचं हृदय आणि फुप्फुसं तपासली आणि हुकूम सोडला, की ही पोरगी सायकलवर वाया जातेय, हिला मॅरेथॉनला उतरवा. यंत्राचा शब्द मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

दम तिला एकदाही कमी पडला नाही. पण आज सरावात पळता पळता नडगीचं हाड कटकन मोडलं.

"यंत्र चुकेल कसं?" तिचे प्रशिक्षक भोसेकर सर पुटपुटले.

रेणुकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सायकलवाल्याने पाय पेडलसाठी राखायचे, म्हणून तुम्हीच मला वर्षानुवर्षं जिना चढू दिला नाहीत. चार पावलं चालले तरी ओरडायचात. ज्या हाडांवर कधी भारच पडला नाही, ती रस्त्याचे धक्के कशी सोसतील? यंत्राला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं, सर! मग तोंड का नाही उघडलंत?"

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. यंत्राचा नवा हुकूम आला होता. ते अडखळत वाचू लागले, "हृदय अजूनही उत्तम. हाड जुळलं की... पोहायला पाठवा."

रेणुका हसली, आणि ते हसणं बघून सर दोन पावलं मागे सरकले.

"आधी त्या यंत्राला तलावात टाका," ती म्हणाली. "तरंगलं, तर मी येते."